होंगडेतली रात्रपाळी

११ नोव्हेंबर, मंगळवार. कबनूर

अक्काताईनं आज माझ्या बॅगेत नवी वही घातली आणि दम दिला, "तिकडं काय काय बघितलासा ते रोजच्या रोज लिवून आणायचं. तोंडानं सांगाय बसला की निम्मं गिळता तुम्ही."

एकावन्न वर्षांच्या संसारात बायकोनं माणूस बरोबर ओळखला आहे. म्हणून ती वही तिच्यासाठी, आणि ही जुनी अर्धी कोरी डायरी माझ्यासाठी. तिच्या वहीत सगळं इस्त्री करून जाईल. चुरगाळलेलं इथं.

निघायचं कारण आधी लिहून ठेवतो, म्हणजे तिथं गेल्यावर विसरायला नको. नात ऐश्वर्या दोन वर्षं झाली कोरियात आहे, सोल शहरात. कापडाचं डिझाईन शिकली आणि तिथंच नोकरीला लागली. ऑफिस नऊ ते सहा, असं ती सांगायची. दसऱ्याच्या आदल्या रात्री नऊ वाजता तिच्या बापाचं, म्हणजे माझ्या वृषभचं, मोबाईलवर चुकून बोट पडलं आणि व्हिडिओ कॉल लागला. तिकडं तेव्हा साडेबारा. पोरगी झोपलेली असायला हवी होती, तर ती रस्त्यात. मागं दणदणाट, आणि निळ्या केसांचा एक जण डोक्यावर उभा राहून भोवऱ्यासारखा फिरतोय. मग एकेक धागा उसवत गेला. नऊ ते सहा काही नाही. एका तळघरात नाचणाऱ्यांचे कपडे शिवायचं काम. दुपारी दोन ते रात्री बारा.

घरात चार दिवस कुणी नीट जेवलं नाही. वृषभ म्हणाला, परत ये. ती म्हणाली, "आप्पांना पाठवा. त्यांनी डोळ्यांनी बघून 'चल' म्हटलं तर मी तिथंच बॅग भरते."

सत्तावीस तारखेची परतीची दोन तिकिटं वृषभनं काढली आहेत, एक माझं, एक तिचं. तीसला शिरोळचे पावणे तिला बघायला येणार. स्थळ चांगलं आहे, द्राक्षबाग आहे, मुलगा शांत आहे. वृषभ मला म्हणाला, "आप्पा, तुम्ही निस्तं 'चल' म्हणायचं. बाकी काय करायचं न्हाय."

निस्तं 'चल'. सहावीत शाळा सुटलेल्या माणसाकडं हायकोर्टाचा निकाल दिला की. चीनमधलं यंत्रमागांचं प्रदर्शन बघायला म्हणून पासपोर्ट काढला होता, ते जमलं नाही. वयाच्या बहात्तराव्या वर्षी तो असा उपयोगी आला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सोल

पोचलो. ऐश्वर्या विमानतळावर माझ्यासाठी गुडघ्याखाली येणारा कोट घेऊन उभी होती. त्यात शिरलो आणि आरशात बघितलं तर गादी उभी केल्यासारखा दिसत होतो.

तिची खोली होंगडे नावाच्या भागात आहे. शेजारी कॉलेज, भोवती गल्ल्या, आणि गल्ल्यांत रात्रभर जत्रा. ती बिचारी काळजीनं म्हणाली, "आप्पा, हितं पहाटं चारपातुर गोंगाट असतो. तुमच्यासाठी लांब एक शांत खोली बघून ठेवलीया."

मी म्हटलं, आजची रात्र इथंच काढतो. आणि काय झोप लागली म्हणता. साठ वर्षं मागाच्या शेजारी झोपलेला माणूस मी. कबनुरात लाईट जाऊन माग थांबले की अख्खं गाव दचकून जागं होतं. इथं खाली कुठंतरी नळीतून आल्यासारखं धडधड-धडधड चाललेलं असतं, ते ऐकता ऐकता डोळा लागला. शांत खोली रद्द.

एकच अडचण. इथं दिवस सव्वापाचलाच मावळतो. पंधरा वर्षं झाली, मुनिमहाराजांसमोर नियम घेतलाय, दिवस मावळल्यावर तोंडात घास नाही. म्हणजे इथं पाचला जेवण उरकायचं आणि मग रात्रभर जगाला खाताना बघायचं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पहिली तपासणी. ऐश्वर्यानं आज सुट्टी घेतली होती.

संध्याकाळी सातला निघालो. अहो, माणूस. जोतिबाच्या यात्रेत असतो तेवढा, पण कुणी कुणाला ढकलत नाही. रस्त्याच्या मधोमध पोरंपोरी गोल करून उभी, आत सात-आठ जण नाचतात, गाणं संपलं की टाळ्या, आणि पुढच्या गोलात दुसरं गाणं. एका दुकानात काचेच्या पेटीत कापडी अस्वलं आणि वर लोखंडी पंजा. पोरं तासन्‌तास तो पंजा हलवतात आणि अस्वल काही निघत नाही. मी उभा राहून तीन पोरांना सल्ला दिला. भाषा नव्हती तरी तिघांनी मान हलवली. अस्वल निघालं नाही.

वृषभला वाटतं, रात्री जागणारं गाव म्हणजे बिघडलेलं गाव. मला काही तसं वाटेना. आमच्याकडं नाही का रात्रपाळी. रात्री दोनला आमच्या चौकात चहाच्या गाड्यावर जेवढी गर्दी असते तेवढी सकाळी देवळात नसते. इथं रात्रपाळी नाचायची आहे, एवढाच फरक. घाम तोच.

आता चुरगाळलेलं लिहितो.

कोपऱ्यावर एका म्हातारीचा गाडा. तव्यावर पिठाचा गोळा टाकते, वरून दाबते, आत गुळासारखी साखर आणि दाण्याचा चुरा, आणि तेलात खरपूस होऊन पोळी निघते. होत्तक म्हणतात. ऐश्वर्या म्हणाली, "ह्यात अंडं-बिंडं काय न्हाय आप्पा. पर ही बाई सहाच्या पुढंच गाडा लावती. तुमच्या नशिबात न्हाय."

तेवढ्यात तिला फोन आला म्हणून ती पलीकडं गेली. मी हातातल्या घड्याळाकडं बघितलं. घड्याळ अजून कबनूरच्याच वेळेवर. पाचला वीस कमी. म्हणजे घरी अजून ऊन आहे, उसाच्या तुऱ्यावर सूर्य आहे. मी विचार केला, नियम घेतला तो कुठं घेतला? कबनुरात. मग दिवस धरायचा कुठला? कबनूरचाच की. सोलच्या सूर्याची आणि माझी ओळख कालची.

दोन पोळ्या खाल्ल्या. उभ्या उभ्या. ऐश्वर्या यायच्या आत तोंड पुसलं.

तिला काही कळलं नाही.

एक गोष्ट मनात टोचते. माझ्यादेखत पोरगीनं रात्रभर काही खाल्लं नाही. आजा बघतोय म्हणून सोंग असणार. रोज बारापर्यंत काम करणारी पोरगी उपाशी कशी राहील? हे पकडायला पाहिजे.

१६ नोव्हेंबर, रविवार

अक्काताईला फोन लावला. मी आडून सुरुवात केली.

"मी काय म्हणतो, समज एखाद्या माणसानं आपल्या गावात नियम घेतला, आणि तो परदेशी गेला, तर..."

"काय खाल्लासा?"

"मी कुठं म्हटलं मी? समज म्हटलं."

"काय खाल्लासा ते सांगा."

सांगितलं. सूर्याचा मुद्दाही समजावून दिला. मला वाटलं पटलं.

मग ती म्हणाली, "सकाळचा नाष्टा किती वाजता केलासा?"

"आठला."

"तिकडं आठ म्हंजे हितं साडेचार. कोंबडं सुदीक उठलं न्हवतं. मग त्यो नाष्टा कुठल्या सूर्यानं केलासा? संध्याकाळी कबनूरचा सूर्य, सकाळी तिकडचा? दोन सूर्य ठिवलासा व्हय एका माणसानं?"

फोन ठेवला आणि घड्याळ साडेतीन तास पुढं केलं. एक दिवस उपास धरायचा ठरलं. तो मंगळवारी धरतो, उद्या ऐश्वर्यानं भोपळ्याची खीर आणणार म्हटलंय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

उपास धरला. तपासणी दुसरी आणि तिसरी एकदमच झाली.

ऐश्वर्याला रात्री नऊला एक तास सुट्टी मिळते. शनिवारी नाचणाऱ्यांची मोठी स्पर्धा आहे, म्हणून तळघरात घाई. "गुरुवारी या तिकडं, आज पाय ठिवाय जागा न्हाय," म्हणाली. बरं म्हटलं. मनात आलं, लपवण्यासारखं काही असेल तर दोन दिवसांत लपवेल.

एका जिन्याखाली लांबलचक रांग होती, आत नाचायचा क्लब. म्हटलं बघू तरी, वृषभला सांगता येईल. रांगेत उभा राहिलो. दारातल्या पैलवानासारख्या माणसानं मला बघितलं, कमरेत वाकून नमस्कार केला आणि ऐश्वर्याला काहीतरी सांगितलं. ती हसून हसून भिंतीला टेकली.

"काय म्हणतोय?"

"तिशीच्या वरच्यास्नी आत सोडत न्हाईत, आप्पा."

"मग त्याला सांग, मी फक्त बेचाळीस वर्षांनी वर हाय."

तिनं सांगितलं. त्यानं पुन्हा वाकून नमस्कार केला आणि खिशातून मला एक गरम पुडी दिली, हातात धरली की ऊब देते. एवढ्या मानानं मला आजवर कुणी हाकललं नव्हतं.

मग तिनं मला गाण्याच्या खोलीत नेलं. कपाटाएवढी खोली, आत पडदा आणि माईक. गाणं निवडायचं, म्हणायचं, आणि शेवटी मशीन शंभरातले गुण देतं. मराठी गाणं त्यात कुठलं. मी म्हटलं, लाव कुठलंही. वाजत होतं त्यांचं, मी म्हटलं आपलं नेमिनाथाचं भजन, देवळात म्हणतो त्याच पट्टीत. आठ मागांच्या वरून आवाज काढायची सवय असलेला गळा. मशीननं त्र्याण्णव दिले. ऐश्वर्या त्यांचंच गाणं त्यांच्याच भाषेत गोड म्हणाली, तिला एकाहत्तर.

"मशीन बिघडलंया," ती म्हणाली.

"हारल्यावर सगळ्यांचंच मशीन बिघडतं," मी म्हटलं.

अक्काताईच्या वहीत आज लिहिलं: 'थंडी पुष्कळ. शहर स्वच्छ. लोक नम्र.'

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज जे बघितलं ते नीट लिहायला पाहिजे.

दुपारी चारला तिच्या कामाच्या ठिकाणी गेलो. वीस पायऱ्या उतरून तळघर. सात शिलाई मशिनी, मध्ये कापड बेतायचं लांब टेबल, भिंतीला झगमगते कपडे. मालकीण क्वाक म्हणून, साठीची, आखूड केसांची, गळ्यात मोजपट्टी. पोरगीनं शिवलेला एक कपडा दाखवला, तो मी हातात घेऊन बघितला. काखेत आणि मांडीत तिनं चौकोनी जोड दिलाय, ताण पडला तर कापड फाटत नाही, जोड फाकतो आणि परत मिटतो. टाका ओळखायला कोरियन लागत नाही. एकही टाका चुकलेला नव्हता.

बरोबर साडेचारला क्वाकबाईनं टाळी वाजवली. सातही मशिनी बंद. लांब टेबलावरचं कापड बाजूला झालं, भाताचं भांडं आलं, वाट्या मांडल्या, आणि सगळे जेवायला बसले. ऐश्वर्यापुढं वेगळी वाटी, सोयाचं पनीर आणि पालेभाजी. माझ्यापुढंही तेच. मी म्हटलं, काय हे, साडेचारला जेवण? ह्यांचा रिवाज दिसतोय.

शेजारी काजं-बटणं करणारी एक वयस्क बाई होती. तिनं मोबाईलमध्ये बोलून मला मराठीत दाखवलं. मोडकंतोडकं होतं पण कळलं. पूर्वी इथं रात्री आठला जेवण असायचं. मागच्या हिवाळ्यात ही पोरगी पावणेपाचला डबा घेऊन जिन्यात एकटी बसून खायची, आणि आठला सगळे जेवायला बसले की मशीनवर काम करत राहायची. क्वाकबाईनं आठवडाभर बघितलं. काही विचारलं नाही. सोमवारी साडेचारला टाळी वाजवली. तेव्हापासून सगळ्यांचं जेवण साडेचारला. रात्री भूक लागते तेव्हा ते नऊला शेवया करून खातात. त्या वेळेला ऐश्वर्या बाहेर फिरून येते.



पोरगी दोन वर्षं नियम पाळतीय आणि मी तिला पकडायला निघालो होतो. तिला म्हटलं, "तू कुठं नियम घेतलीस? तुला कोण म्हणालतं?"

"कोण न्हाय. सवय हाय लहानपणापासनं. मोडली तर मोडली असती, पर मोडावं वाटलं न्हाय."

मग सांगून टाकलं. "शनिवारी मी दोन पोळ्या खाल्ल्या."

"ठावं हाय."

"कसं?"

"तुमच्या मफलरला साखर चिकटलीती, आप्पा. मीच झाडली की रात्री."

खोलीवर येऊन पडलोय, पण आज खालची धडधड असून झोप नाही. गुंडू आठवतोय. नेसरीचा होता, माझ्याकडं सहा वर्षं माग चालवला. एकदा म्हणाला, आई अंथरुणाला खिळलीय, रात्री तिला भरवायला कुणी नाही, महिनाभर मला दिवसपाळी द्या. मी म्हटलं, "मागाला आई नसती, गुंडू." सगळे हसले होते. मला ते बोलणं फार जमलं असं वाटलं होतं. पुढच्या आठवड्यात तो गेला. एका माणसाची वेळ बदलायची होती. ह्या बाईनं सात माणसांची बदलली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

स्पर्धा झाली. तळघरातले कपडे घालून नाचलेली आपली पोरं दुसरी आली. 'आपली' लिहून गेलो, राहू दे.

नंतर रात्री दहाला सगळे एका हॉटेलात बसले. मी आणि ऐश्वर्या गरम पाण्याचे पेले समोर घेऊन बसलो. इथं एक रीत बघितली. ती निळ्या केसांची पोरं पितात, पण समोर म्हातारा माणूस आहे म्हणून पेला तोंडाला लावताना मान बाजूला फिरवतात. आमच्याकडं प्यालेला माणूस म्हाताऱ्यापुढं तोंड फिरवत नाही, उलट गळ्यात पडून रडतो.

क्वाकबाई माझ्याशेजारी येऊन बसली. दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि बराच वेळ काहीतरी बोलली. ऐश्वर्याकडं बघितलं तर ती खाली बघत होती.

"काय म्हणत्यात?"

"थंडी वाढणार हाय म्हणत्यात. स्वेटर घाला म्हणत्यात."

एवढ्या थंडीच्या गोष्टीला बाईचे डोळे का भरून आले कोण जाणे. इकडची माणसं हवामानाबद्दल फार हळवी दिसतात. मीही तिचा हात धरून म्हटलं, "घालतो की स्वेटर, काळजी करू नका." ऐश्वर्यानं त्याचं काय भाषांतर केलं माहीत नाही, पण बाई एकदम रडायला लागली आणि पुन्हा पुन्हा वाकून नमस्कार करायला लागली.

२३ नोव्हेंबर, रविवार

वृषभचा फोन. "म्हटलासा का चल?"

"अजून न्हाय."

"मग दहा दिस काय करालाय तिथं?"

"तपासणी चाललीया."

"किती तपासणार, आप्पा? पावण्यास्नी मी शब्द दिलाय. तुम्ही तिला घिऊन आला न्हाई तर मी त्यांच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?"

आवाज चढलेला होता, पण त्याच्या आत दुसरं काहीतरी होतं. भ्यालेला माणूस असाच ओरडतो. त्याला एकुलती एक पोर आहे. हेही मी इथं लिहून ठेवतो, नाहीतर मी त्याला नुसताच हट्टी ठरवीन.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी चारला खोलीवर आलो तर बॅग भरलेली. भिंतीवरचे फोटो उतरवलेले, कपाट मोकळं. ऐश्वर्या भांडी पुसून खोक्यात घालत होती. मी 'चल' म्हटलेलं नाही. तरी तिनं भरली. वृषभनं तिलाही फोन केला असणार.

"काम?" मी विचारलं.

"माझं मशीन तेल घालून झाकून ठिवलंय."

शनिवारी क्वाकबाई रडली ती थंडीसाठी नव्हे, पोरीसाठी, हे मला तेव्हा कळलं. ऐश्वर्यानं माझ्यासाठी पाचच्या आत भात टाकला, मुगाची आमटी केली. आमटी अक्काताईसारखी झाली होती, तसं म्हटलं तर हसली. ते हसणं मला आवडलं नाही. तोंड हसत होतं आणि बाकीची पोरगी कुठं दुसरीकडंच होती.

नेलं तर काय होईल? ती येईल. शिरोळकरांना चहा देईल. असंच हसेल. जन्मभर असंच हसेल आणि कुणालाच काही तक्रार करता येणार नाही.

ठेवलं तर? वृषभची मान खाली जाईल. स्थळ जाईल. उद्या इथं तिचं काही वाईट झालं तर, म्हाताऱ्या, तू ठेवून आलास, असं जो तो म्हणेल आणि खरं तेच म्हणेल. आणि मी बहात्तरचा. पुन्हा कधी बघीन कुणास ठाऊक. हे शेवटचं कारण सगळ्यात जड आहे आणि ते सगळ्यात स्वार्थी आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. विमानात

विमानतळावर दोघांच्या बॅगा ढकलगाडीवर. काउंटरशी आमचा नंबर आला. बाईनं पासपोर्ट मागितले. मी माझा एकट्याचा दिला.

ऐश्वर्यानं आपला पुढं केला, तो मी तिच्या हातासकट मागं सारला.

"आप्पा, माझं तिकीट..."

"तुझं काम दोनला सुरू हुतं न्हवं? आत्ता गाडी धरलीस तर पोचशील. क्वाकबाईनं साडेचारला टाळी वाजवली आन्‌ तू न्हाईस, तर ती माणसं कुणासाठी लवकर जेवायची?"

ती तशीच उभी राहिली. मागच्या माणसानं खाकरलं. मग ती माझ्या कोटात तोंड खुपसून रडली, लहानपणी मागाच्या आवाजाला भिऊन रडायची तशी. मी म्हटलं, "बॅग घे खाली. आन्‌ बापाला रोज फोन कर. खरं बोलून कर. हे सगळं खोट्यामुळं झालंया, रात्रीमुळं न्हाय."

"बाबा बोलणार न्हाईत माझ्याशी."

"त्याचं मी बघतो."

कसं बघणार, काही माहीत नाही. बोलून गेलो खरा. शेजारची खुर्ची रिकामी आहे, त्यावर कोट ठेवलाय.

३० नोव्हेंबर, रविवार. कबनूर

पावणे आले. वृषभ त्यांना 'आजारी पडली म्हणून येता आलं नाही' सांगायच्या विचारात होता. त्याआधी मी बोललो. चहा यायच्याही आधी. म्हटलं, पोरगी ठणठणीत आहे, मीच तिला आणली नाही. ती रात्री बारापर्यंत काम करते, तळघरात, नाचणाऱ्यांचे कपडे शिवते, आणि मी पंधरा दिवस तिथं राहून आलोय.

मुलाची आत्या म्हणाली, "म्हंजे नाचणाऱ्यांच्यातली म्हणा की."

"नाचणाऱ्यांचं फाटू न देणारी," मी म्हटलं.

मुलगा तेवढा हसला. त्याच्या आत्यानं बघितल्यावर तोही थांबला. पोहे खाऊन, पाणी पिऊन, सभ्यपणानं उठले. नंतर कळवतो म्हणाले. कळवणार नाहीत.

वृषभ गेटपर्यंत पोचवायला गेला तो तसाच मागाच्या शेडमध्ये गेला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

अक्काताईनं दुपारी तिची वही वाचली. चष्मा काढून म्हणाली, "पंधरा दिस नुसती थंडी आन्‌ स्वच्छता. खरी वही कुठं हाय?" मी तांब्या उचलून पाणी प्यालो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पोरीला ठिवून आलासा ते बरं केलासा का वाईट, ते मला आज सांगता यायचं न्हाय. पर पावण्यांपुढं खरं बोललासा, त्येवढं बरं वाटलं."

३ डिसेंबर, बुधवार

वृषभ तीन दिवस माझ्याशी बोललेला नाही. जेवताना ताट घेऊन ओसरीवर जातो. ऐश्वर्याचा रोज फोन येतो, अक्काताई घेते. वृषभ त्या वेळी शेडमध्ये असतो.

आज अकराच्या सुमाराला मी शेडच्या दाराशी ऊन खात बसलो होतो. आठही माग चालू. वृषभ आतून आला, हात पुसत उभा राहिला. रस्त्याकडं बघत म्हणाला, "त्यास्नी कापड कसलं लागतं?"

"कुणास्नी?"

"त्या नाचणाऱ्यास्नी. ताणलं जाणारं लागतं का सुती चालतं? पन्हा किती?"

"मला काय ठावं? तिला इचार."

तो चपलेनं धूळ सारत राहिला. मग मोबाईल काढला. नंबर लावायला त्याला फार वेळ लागला.

"ऐशू," तो म्हणाला. मग, "हॅलो? ऐकू येत न्हाय. मोठ्यानं बोल." दुसरा कान बोटानं बंद केला. "काय? न्हाय, काय न्हाय झालं, सहज लावला."

आत आठ माग खडखडत होते. रस्त्यावर जाऊन बोलला असता तर ऐकू आलं असतं, चार पावलांचं अंतर. ते त्याच्या ध्यानात आलं नाही. फोन कानाला धरून तो आत गेला आणि पहिल्या मागाचं बटण दाबलं. मग दुसऱ्याचं. कामगार तोंडाकडं बघत राहिला. भर दिवसा, लाईट असताना, सुताचा बीम भरलेला असताना ह्या शेडमधला माग मालकानं हातानं बंद केलेला मी बघितलेला नाही. मीही कधी केला नाही, बाप वारला त्या दिवशीसुद्धा नाही. तो एकेक करत शेवटपर्यंत गेला.

आठवा थांबला. शेजारच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "लाईट गेली काय ओ?"

"गेली न्हाय," मी म्हटलं. "गप बसा जरा."

आतून वृषभचा आवाज आला, हळू. "आता बोल, बाळ."